आळी म्हणजे ओळ : पुण्याच्या जुन्या पेठांतील रस्त्यांचे रूप आणि त्याचे जतन

(१)

जुन्या नगराचे जतन म्हणजे त्यातील नामांकित वास्तूंचे जतन, अशी समजूत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. पुण्यापुरते पाहिले तर शनिवारवाड्याचा तट, विश्रामबागवाड्याचा कोरीव सज्जा, नानावाडा, तुळशीबागेचे मंदिर ही स्थळे डोळ्यांपुढे येतात आणि त्यांची डागडुजी झाली म्हणजे शहराच्या पूर्वरूपाचे रक्षण झाले असे मानले जाते. परंतु ज्या वस्तीने ही स्थळे वेढलेली होती, ती वस्ती, तिच्यातील घरांची रांग, त्या रांगेने आखलेला बोळ, बोळाच्या तोंडाशी असलेला पार आणि हौद यांचा विचार या समजुतीत बसत नाही. वास्तू राहते, पण जिच्या अंगाने ती वास्तू पाहावयाची ती वाट जाते.

या बाबतीत मराठी भाषेची साक्ष विचारात घेण्यासारखी आहे. पुण्यातील जुन्या वस्त्यांना ‘आळी’ म्हणतात : तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, दाणे आळी. ‘आळी’ हा शब्द संस्कृत ‘आलि’, ‘आवलि’ या ओळवाचक शब्दांच्या कुळातील आहे. म्हणजे ज्याला आज रस्ता म्हटले जाते त्याला जुन्या मराठीने चालण्याच्या जागेवरून नाव दिले नाही, दोन्ही बाजूंच्या घरांच्या ओळीवरून दिले. ‘रस्ता’ हा फारसीतून आलेला शब्द जाण्यायेण्याचा मार्ग दाखवितो. ‘आळी’ हा शब्द शेजार दाखवितो. रस्ता रुंद केला तरी तो रस्ताच राहतो. आळीतील घरे मागेपुढे सरली की ती आळी राहत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच भेद आहे. जतनाचे एकक इमारत नव्हे, मार्गही नव्हे, तर ओळ हे असले पाहिजे, असे पुण्याच्या पेठांचा इतिहास सांगतो.

(२)

पुण्याच्या जुन्या वस्तीत कसबा ही सर्वांत प्राचीन. ‘कसबा’ हे नावच अरबी असून ते मोठ्या, कारभाराच्या गावाचे वाचक आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळी या वस्तीचे पुनर्वसन झाले. १७०३ मध्ये औरंगजेबाचा तळ पुण्यास असता आजच्या बुधवार पेठेस मुहियाबाद हे नाव मिळाले. शनिवार पेठ ही मुर्तजाबाद, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापूर व शुक्रवार पेठ विसापूर या नावांनी ओळखली जात असे. पुढे पहिल्या बाजीरावाने पुण्यास ठाणे केले, १७३० मध्ये शनिवारवाड्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि वारांच्या नावांच्या पेठा स्थिरावल्या. सदाशिवरावभाऊ व नारायणराव यांच्या नावांच्या पेठा त्यानंतरच्या. ‘पेठ’ या शब्दाचे सगोत्र कन्नड ‘पेटे’, तेलुगू ‘पेट’ व तमिळ ‘पेट्टै’ यांत आढळतात. अशा रीतीने पुण्याच्या एकाच पत्त्यात द्राविडी पेठ, अरबी हौद, फारसी बाग व संस्कृतोद्भव चौक शेजारी शेजारी नांदताना दिसतात. वस्ती ज्या थरांनी वाढली, त्याच थरांनी तिची शब्दसंपत्तीही वाढली.

पेठ वसविणे ही योजनापूर्वक करावयाची गोष्ट होती. व्यापारी व कारागीर यांना सवलती देऊन आणावयाचे, शेटे व महाजन यांच्याकडे बाजाराची व्यवस्था सोपवावयाची आणि एका व्यवसायाचे लोक एका ओळीत बसवावयाचे, अशी रीत होती. ही रीत नावांत टिकून राहिली. पासोड्या विठोबा हे नाव तेथील पासोड्यांच्या बाजाराचे स्मरण देते. जिलब्या मारुतीच्या नावात मिठाईची दुकाने आहेत, तपकीर गल्लीच्या नावात तपकिरीची. रविवार पेठेतील बोहरी आळी लोकांच्या तोंडी ‘भोरी आळी’ झाली. ‘ह’काराचा महाप्राणत्व आपल्याकडे ओढून घेणारा हा ‘भ’ म्हणजे नाव वापरात जिवंत होते याची खूण होय. ज्या नावाचा उच्चार झिजत नाही ते नाव पाटीवर असते, तोंडात नसते.

(३)

ही ओळ कशाची बनलेली होती, हे पाहिल्याखेरीज तिच्या जतनाचा विचार करता येत नाही. ‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यापासून आला. ‘वाडी’ही त्याच कुळातील. आत वळलेले घर ही वाड्याची मूळ कल्पना. चौकाभोवती ओसरी, माजघर, दिवाणखाना. मागे आड व परसू. रस्त्याकडे मात्र बहुधा एकच थोरला दरवाजा, त्यात दिंडी, आत देवडी. काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटा व पांढरी माती यांच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, माथ्यावर कडीपाट. घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर तो खण, आणि ते अंतर लाकडाच्या लांबीने व भार पेलण्याच्या शक्तीने ठरत असल्यामुळे ओळीतील लहान घर व मोठे घर यांची मापे एकमेकांशी जुळणारी असत. सरदाराचा वाडा बारा खणांचा आणि कारागिराचे घर तीन खणांचे असले तरी ताल एकच. ओळीला ओळपण आले ते या समान मापामुळे.

भिंत आणि वाट यांच्या सांध्यावर ओटा असे. तो घराचाही होता आणि आळीचाही. तेथे संध्याकाळी वृद्ध बसत, तेथे फेरीवाला टोपली उतरवीत असे आणि मुले खेळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर बांधलेल्या वाड्यांत रस्त्याकडील तळमजल्यावर दुकाने आली, वर सज्जे व उभ्या खिडक्यांच्या रांगा आल्या. परंतु जोते, ओटा आणि खणाचा ताल यांनी नव्या घरांना जुन्या घरांशी जोडून ठेवले. म्हणून पेठेतील एखादी आळी एकाच काळाची नसूनही एकजीव दिसत असे.

याच सांध्यावर हौदही होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावांचे पाणी भुयारी नळाने शहरात आणण्यात आले व ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यात आले. नळात हवा खेळावी म्हणून मधूनमधून उच्छ्वास बांधलेले होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही पत्ता सांगण्यासाठी उच्चारली जातात. अनेक ठिकाणी पाणी गेले आहे, दगड गेला आहे. शब्द तेवढा उरला आहे.

(४)

ही ओळ कशी तुटली, याचे एकच कारण सांगता येत नाही. १८९७ च्या प्लेगात दाट वस्ती, काळोख्या खोल्या व कोंडलेली हवा यांविषयी जी भीती निर्माण झाली, ती निराधार नव्हती. नंतरच्या नगररचनेत प्रकाश व हवा यांसाठी रस्ते रुंद करणे हे सुधारणेचे पहिले लक्षण ठरले. १९४९ च्या महानगरपालिकाविषयक कायद्याने रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरविण्याचा अधिकार दिला आणि १९५० मध्ये पुण्यास महानगरपालिका स्थापन झाली. या रेषेचे कार्य संथ पण निश्चित असते. घर पाडून नवे बांधावयाचे झाल्यास ते रेषेच्या मागे घ्यावे लागते. एक घर आज मागे सरते, शेजारचे वीस वर्षांनी, तिसरे कधीच नाही. परिणामी रस्ता रुंद होत नाही आणि ओळही राहत नाही. उरते ती दातेरी कड, जिच्या खाचांत वाहने उभी राहतात.

दुसरे कारण भाड्याचे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंस घराबाहेर काढले जाण्यापासून संरक्षण दिले आणि टंचाईच्या त्या काळात ते आवश्यकच होते. १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने ही व्यवस्था नव्या स्वरूपात पुढे चालविली. परंतु गोठलेल्या भाड्यात कौले बदलण्याचाही खर्च निघेना. एका वाड्यात दहाबारा बिऱ्हाडे, मालकीत भाऊबंदांचे तितकेच वाटे आणि दुरुस्ती कोणाचीच नाही, अशी अवस्था झाली. वाडा पडण्याची वाट पाहणे हाच मालकाचा व्यवहार्य मार्ग ठरला आणि पडक्या घरात राहणे हा भाडेकरूचा.

तिसरा आघात एका दिवसाचा होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या नारायण, शनिवार, कसबा इत्यादी पेठांत पाणी शिरले. माती भिजल्यावर मातीच्या भिंती उभ्या राहणे शक्य नव्हते. असंख्य जुनी घरे बसली. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींतून पूरग्रस्तांना निवारा मिळाला; परंतु आळी तेथे नेता आली नाही, कारण आळी म्हणजे माणसांची यादी नव्हे, त्यांचा क्रम होय.

चौथे कारण विरोधाभासाचे आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित ठरले. शनिवारवाड्याभोवती हे वर्तुळ कसबा व शनिवार या पेठांच्या दाट वस्तीवर पडते. तेथील जीर्ण घर पाडून नवे बांधता येत नाही. दुरुस्तीस परवानगी मिळू शकते, परंतु दुरुस्तीचा खर्च करण्याची ऐपत जेथे नाही तेथे परवानगीचा उपयोग नाही. स्मारकाचे रक्षण करणारा नियम स्मारकाच्या शेजाऱ्याला ना नवे घर देतो, ना जुन्याचा आधार. ज्या वस्तीच्या योगे शनिवारवाडा हा शहराचा वाडा होता, ती वस्ती त्याच्याच संरक्षणाच्या छायेत खचत आहे.

(५)

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. जुन्या आळीचे रूप राखणे म्हणजे जुनी समाजरचना राखणे नव्हे काय? आळ्या व्यवसायाच्या होत्या आणि व्यवसाय जातीचे होते. हौदाचे पाणी सर्वांसाठी नव्हते. ज्याला जुन्या शेजाराची गोडी म्हटले जाते, तिच्या कडेला ज्यांना ओट्याला हात लावण्याचीही मुभा नव्हती अशी माणसे उभी होती. हा आक्षेप टाळून जतनाची भाषा बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु याच आक्षेपाचे उत्तर पेठांच्या दगडांतच आहे. गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, आपल्या घरचा हौद जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. या कृतीचा अर्थ कळण्यासाठी हौद कोठे होता, तो रस्त्यापासून किती अंतरावर होता, तेथपर्यंत पोचणाऱ्या माणसाला कोणाच्या दारांवरून जावे लागत होते, हे समजले पाहिजे. हौदाची बंदी ही जागेतील बंदी होती आणि ती मोडली तीही जागेतच. जागेची मांडणी पुसली की अन्यायाचा पुरावाही पुसला जातो आणि त्याविरुद्धच्या धैर्याचे माप नाहीसे होते. यास्तव आळीचे जतन हे गतकाळाचे गौरवगान नसून त्याची साक्ष जपणे होय. साक्षीदार अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याला जिवंत ठेवावे लागते.

बुधवार पेठेतील भिडे वाड्याचे उदाहरण याच संदर्भात पाहता येते. १८४८ मध्ये फुले दांपत्याने जेथे मुलींची शाळा सुरू केली तो हा वाडा दीर्घकाळच्या न्यायालयीन वादात मोडकळीस आला आणि २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी जमीनदोस्त करण्यात आला. स्मारक उचितच आहे. परंतु सावित्रीबाई ज्या वाटेने शाळेस जात आणि जेथे त्यांची अवहेलना होत असे, ती वाट स्मारकाच्या आत येऊ शकत नाही. ती ओळीतच असते.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. सामाईक शौचकूप, काळोखे जिने, गळके माळवद यांत राहणाऱ्या कुटुंबास सज्ज्याच्या कोरीव कामाचे कौतुक सांगणे सोपे, त्या घरात राहणे अवघड. पाहणाऱ्याच्या आनंदासाठी राहणाऱ्याने गैरसोय सोसावी, असा जतनाचा अर्थ असेल तर तो टिकणार नाही आणि टिकूही नये.

(६)

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न इतरत्र झालेले आहेत. स्कॉटिश नगरशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस हे १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि अनेक नगरांचे अहवाल त्यांनी लिहिले. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, गो. स. घुर्ये हे त्यांच्याच विभागाचे पुढील प्रमुख. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याच्या पद्धतीस गेडिसांचा विरोध होता. अगदीच निकामी झालेले एखादे घर काढून तेथे मोकळा चौक करावा, बाकीची ओळ दुरुस्त करून ठेवावी, म्हणजे हवा व प्रकाशही मिळतील आणि माणसेही हलवावी लागणार नाहीत, असा त्यांचा उपाय होता. शस्त्रक्रिया करावयाची, पण शरीर राखून, असे त्याचे वर्णन करता येईल.

अहमदाबादचे उदाहरण पुण्याला अधिक जवळचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या नगरावर पेशवे व गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता. तेथील जुनी वस्ती ‘पोळां’ची. ‘पोळ’ हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे वेशीचा दरवाजा यावरून आला. पुणेकराच्या भाषेने वस्तीला ओळ म्हणून पाहिले, अहमदाबादेच्या भाषेने दरवाजा म्हणून. दोघांनीही तिला सुटी इमारत मानले नाही. २०१७ मध्ये अहमदाबादचे तटबंदीतील जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आले ते एखाद्या मशिदीसाठी नव्हे, तर पोळांसह सबंध नगर म्हणून. तेथे वारसा म्हणून नोंदलेल्या घराच्या मालकाला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क इतरत्र विकून दुरुस्तीचा पैसा उभा करण्याची सवलतही देण्यात आली.

मुंबईत १९९५ मध्ये वारसा वास्तूंचे नियम झाले आणि त्यांत इमारतींबरोबर ‘परिसर’ ही कल्पना मान्य झाली. तरीही गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी लाकडी व्हरांड्यांची कित्येक घरे जाऊन शेजारी उंच इमारती आल्या. याचा बोध असा, की परिसर हा शब्द नियमात येणे पुरेसे नाही. त्यातील कोणता संबंध राखावयाचा हेही सांगावे लागते.

(७)

तो संबंध पुण्याच्या संदर्भात चार बाबतींत स्पष्ट करता येईल. पहिली बाब नोंदीची. वारशाच्या यादीत इमारतींचे क्रमांक असतात. त्याऐवजी आळीच्या दोन्ही बाजूंचे सलग आलेख काढावयास हवेत, ज्यांत सामान्य घरालाही विशेष घराइतकेच स्थान मिळेल. अशा घरोघरच्या पाहणीची परंपरा पुण्यास नवी नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ या मालेत पेठांविषयीची माहिती एकत्र केली. दुसरी बाब रेषेची. निवडक आळ्यांतील नियमित रेषा रद्द करून जुन्या जोत्याची कड हीच बांधकामाची रेषा मानली, तर नवे घरही ओळीत उभे राहील. तिसरी बाब मापाची. शेजारशेजारच्या जागा एकत्र करून बांधलेल्या इमारतीचा दर्शनी भागही खणांच्या तालात विभागता येतो आणि वाढीव मजले मागे घेता येतात. आत उद्वाहक व शौचगृहे येण्यास यामुळे कोणतीच अडचण नाही. चौथी बाब पैशाची. दुरुस्तीचे साहाय्य मालक व भाडेकरू या दोघांच्याही हिताचे असल्याखेरीज वाडा पडण्याची वाट पाहणे थांबणार नाही.

नावांविषयी एक गोष्ट शेवटी नमूद केली पाहिजे. वस्तूपेक्षा तिचे नाव अधिक टिकते, हा भाषाभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे. हौद बुजल्यावरही थांब्याला हौद म्हणतात. पासोड्या कोणी पांघरीत नाही, तरी विठोबा पासोड्याच आहे. या टिकाऊपणावर विसंबून राहणे मात्र धोक्याचे. नाव वस्तूवाचून काही पिढ्या चालते. मग त्याचा अर्थ अपारदर्शक होतो, त्याच्याभोवती कल्पित कथा रचल्या जातात आणि अखेर सोयीचे दुसरे नाव त्याची जागा घेते. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारे कारागीर आजही आहेत. तेथे नाव, व्यवसाय आणि ओळ ही तिन्ही अद्याप एका ठिकाणी सापडतात, आणि हातोड्याचा आवाज ऐकल्यावर आळीचे नाव कोणास समजावून सांगावे लागत नाही. जेथे तो आवाज थांबला आहे तेथे निदान घरांची ओळ राखावी, म्हणजे नावाला उभे राहण्यापुरती जागा उरेल.